नाकाची मापं

माळ्यावरच्या पेटीत परवा माझं एम.ए.चं जर्नल सापडलं. १९८४ सालचं, मानवशास्त्राच्या प्रात्यक्षिकांचं. निळ्या पुठ्ठ्याला कडेने कसर लागली आहे, आतली पानं मात्र शाबूत आहेत. तेराव्या पानावर पट्टीने आखलेलं एक कोष्टक आहे. वय, लिंग, जात, नाकाची रुंदी, नाकाची उंची, निर्देशांक. खाली ओळ एकच. अक्षर माझं आहे आणि नाक माझ्या मैत्रिणीचं.

दोघी-दोघींच्या जोड्या लावून एकमेकींची मापं घ्यायची, असं ते प्रात्यक्षिक होतं. भुवयांच्या मधल्या खळगीपासून नाकाच्या तळापर्यंत ती उंची. दोन्ही नाकपुड्यांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर ती रुंदी. रुंदीला उंचीने भागायचं आणि शंभराने गुणायचं. उत्तर ७० च्या आत आलं तर नाक अरुंद, ७० ते ८५ मध्यम, त्याच्या वर रुंद. कॅलिपरची थंडगार टोकं नाकपुड्यांना लागली की हसू फुटायचं, मग माप चुकायचं, मग पुन्हा घ्यायचं.

जातीच्या रकान्यापाशी आमचं हसणं थांबलं. मैत्रीण म्हणाली, "बौद्ध." तिचे आईवडील १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घ्यायला उभे होते, हे मला ठाऊक होतं. मी तसं लिहिलंही. प्रात्यक्षिक घेणारे सर मागून डोकावले. "हा धर्म झाला. इथे जात लिहायची. आधीची." आवाजात राग नव्हता, तुच्छताही नव्हती. अर्जातली चूक दाखवताना असतो तसा आवाज. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "लिही. महार." मी 'बौद्ध'वर रेघ मारली आणि लिहिलं. निर्देशांक आला ७१.४. मध्यम. नंतर तिने माझं नाक मोजलं आणि तिच्या जर्नलमध्ये माझी जात लिहिली, तेव्हा कुणी डोकावलं नाही.

त्या रेघेचं पान इतक्या वर्षांनी समोर आलं आणि वाटलं, हे कोष्टक आमच्यापर्यंत आलं कसं, ते एकदा नीट लिहून काढावं. पुढे मी तीस वर्षं समाजशास्त्र शिकवलं. विषमता, अस्मिता, आणि अलीकडे ज्ञानाचं निर्वसाहतीकरण, या विषयांवरची चर्चासत्रं ऐकली, काहींत बोललेही. 'निर्वसाहतीकरण' हा शब्द उच्चारतानाच माझ्या विद्यार्थ्यांच्या नाकी नऊ येत. पण तो शब्द ज्या गोष्टीबद्दल आहे, ती माझ्या तेराव्या पानावर आधीपासूनच होती.

कोष्टकाचे मूळपुरुष हर्बर्ट होप रिस्ले. बंगाल इलाख्यातले सनदी अधिकारी. पॉल टॉपिनार या फ्रेंच मानवशास्त्रज्ञाची मोजणीची पद्धत त्यांनी उचलली आणि १८८० च्या दशकात उत्तर हिंदुस्थानातल्या जातीजमातींची नाकं आणि डोकी मोजून घेतली. १८९१ पासून बंगालच्या जातीजमातींवरचे त्यांचे खंड येऊ लागले. त्यातला सिद्धान्त ऐकायला इतका सोपा की तो सगळीकडे पसरला: जातीचा मान जितका वरचा, तितकं तिचं सरासरी नाक अरुंद. म्हणजे नाकांच्या क्रमाने जाती लावल्या की समाजाची उतरंड आपोआप उभी राहते, कारण वरचे आर्य आणि खालचे द्राविड. जात ही वंशाची गोष्ट ठरली. १९०१ च्या जनगणनेचे रिस्ले आयुक्त होते. त्या वेळी जातींच्या याद्या सामाजिक मानाच्या क्रमाने लावायचं ठरलं आणि देशभरातून अर्जांचा पाऊस पडला. आम्ही क्षत्रिय, आम्ही वैश्य, आम्हाला चुकीच्या पायरीवर बसवलंत. तोवर मान ही गावातली, पाणवठ्यावरची, पंगतीतली गोष्ट होती. तिच्यावरून भांडणं होत, मारामाऱ्याही होत, पण तिला सरकारी पुस्तकात पानक्रमांक नव्हता.

इथे थोडं थांबून एक कबूल करायला हवं. नाकावरून माणूस जोखायची विद्या काही रिस्लेंनी बोटीतून आणली नाही. मराठीत 'चाफेकळी नाक' आहे. लग्नाच्या जाहिरातीत मुलगी 'नाकीडोळी नीटस' असते. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं येतात. कुणी नाक मुरडतो, कुणी नाक वर करून चालतो, कुणाचं नाक कापलं जातं. तुमच्या भाषेतही असा एक कप्पा असणार. साहेबाने या सगळ्याला कॅलिपर दिली आणि दशांश चिन्ह दिलं. वसाहतवादाने आपल्याला हे सगळं शिकवलं असं जेव्हा एखाद्या व्यासपीठावरून सांगितलं जातं, तेव्हा मला ती चाफेकळी आठवते. जमीन आपली होती. बी रुजलं ते तिच्यात.

वर्गीकरणाने पोटावर पाय कसा येतो, हे रिस्लेंच्या जनगणनेआधीच महारांना कळलं होतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात महार पिढ्यान्‌पिढ्या होते. मग 'लढाऊ जाती'चा सिद्धान्त आला. कुठल्या जातीच्या रक्तात शौर्य आहे आणि कुठल्या नाही, हे कचेरीत ठरू लागलं, आणि १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद झाली. सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये विनंतिपत्र लिहिलं. त्यात ते महार मूळचे क्षत्रिय असल्याचं सांगतात. मला हे वाचताना नेहमी अवघडल्यासारखं होतं. अर्ज ज्याच्या दारात करायचा त्याचीच भाषा वापरावी लागते, आणि ती भाषा होती उतरंडीची. पायरी नाकारायची सोय नव्हती, फक्त वरची मागायची सोय होती.

वंशाचा सिद्धान्त मात्र कुणाच्याही हाती लागला तरी चालत असे. पुण्यातच पाहा. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली, अमेरिकेतली गुलामगिरी संपवणाऱ्या लोकांना ती अर्पण केली, आणि आर्य बाहेरून आले या युरोपीय म्हणण्याला उलटं धरलं: बाहेरून आले म्हणजे ते आक्रमक, आणि शूद्रातिशूद्र हे इथल्या भूमीचे धनी. तीस वर्षांनी, १९०३ मध्ये, त्याच शहरातल्या लोकमान्य टिळकांनी वेद रचणाऱ्यांचं मूळ घर थेट उत्तर ध्रुवाजवळ नेलं. गृहीतक दोघांचं एकच, आर्य दुरून आले. एकाने त्यातून फिर्याद उभी केली, दुसऱ्याने वैभव. फुल्यांनी साहेबाचं शस्त्र घेतलं म्हणून त्यांना वसाहतवादी म्हणणारे लेख मी वाचले आहेत. टिळकांबद्दल तितक्या उत्साहाने तसं लिहिलेलं फारसं पाहिलं नाही.

रिस्लेंच्या कोष्टकाला पहिला मोठा हादरा दिला तो मालवणच्या एका माणसाने. गोविंद सदाशिव घुर्ये, संस्कृतचे विद्यार्थी. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, पॅट्रिक गेडेस तिथे प्राध्यापक होते. त्यांनी घुर्यांना इंग्लंडला जाण्यासाठी निवडलं. केंब्रिजमध्ये डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्या हाताखाली त्यांनी काम केलं, आणि १९२४ मध्ये परत येऊन मुंबईच्या विभागाची सूत्रं घेतली. १९३२ साली लंडनहून निघालेल्या त्यांच्या जात आणि वंश या विषयावरच्या इंग्रजी पुस्तकात त्यांनी रिस्लेंचीच मापं पुन्हा मांडली, फक्त प्रांतवार. तेव्हा दिसलं की नाकाची उतरंड आणि मानाची उतरंड जुळते ती मुख्यतः हिंदुस्थानात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या पट्ट्यात. बंगालमध्ये, महाराष्ट्रात, मद्रासकडे ती जुळत नाही. एका प्रांतातला ब्राह्मण दुसऱ्या प्रांतातल्या ब्राह्मणापेक्षा आपल्याच प्रांतातल्या इतर जातींच्या जवळ जातो. आकडे रिस्लेंचेच, फक्त एकत्र ओतलेले होते ते घुर्यांनी वेगळे केले.

तरी घुर्ये वंशाच्या विचारातून पूर्ण बाहेर पडले नाहीत. गंगेच्या खोऱ्यात आर्य ब्राह्मणांनी जात घडवली, हे त्यांचं म्हणणं राहिलंच. १९४३ मध्ये त्यांनी आदिवासींवर पुस्तक लिहिलं तेव्हा त्यांना मागासलेले हिंदू ठरवलं. साहेबाचं चुकलं हे दाखवणं आणि ज्यांना मोजलं त्यांचं ऐकणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घुर्यांनी पहिली उत्तम केली.

बंगालमध्ये दुसराच एक धागा निघाला. १९२० साली नागपूरला सायन्स काँग्रेस भरली होती. तिथे प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांची प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी गाठ पडली आणि कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियनांच्या मापांचा गठ्ठा त्यांच्याकडे आला. हे लोक कुठल्या जातीच्या किती जवळ, हे मोजता मोजता महालनोबिसांनी दोन समूहांमधलं अंतर मोजायचं एक गणिती सूत्र बसवलं. १९३३ मध्ये त्यांनी रिस्लेंची मूळ मापं तपासून त्यांतल्या चुकाही दाखवल्या. आज संगणकशास्त्राची मुलं 'महालनोबिस अंतर' शिकतात. त्या सूत्राच्या मुळाशी कलकत्त्यातली नाकं आणि डोकी आहेत, हे त्यांच्या पाठ्यपुस्तकात बहुधा नसतं.

आता ज्या बाईंच्या पुस्तकांनी मी या विषयाकडे ओढले गेले, त्यांच्याकडे येते. इरावती कर्वे. जन्म १९०५, ब्रह्मदेशातला. नाव तिथल्या नदीवरून. पुण्यात शिकल्या, मुंबईत घुर्यांकडे चित्पावनांवर प्रबंध लिहिला आणि १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या. जिथे गेल्या त्या संस्थेचं नाव मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांची कैसर विल्हेल्म संस्था. संचालक ऑइगेन फिशर. हे गृहस्थ १९०८ मध्ये जर्मनीच्या नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या वसाहतीत, म्हणजे आजच्या नामिबियात, गोरे आणि आफ्रिकी यांच्या मिश्र संततीचा 'अभ्यास' करून आले होते. त्याच भूमीत १९०४ ते १९०८ या काळात जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला होता. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

अशा माणसाने इरावतीबाईंना विषय दिला तो कवटीच्या असममितीचा. कवटीची उजवी आणि डावी बाजू सारखी नसते. युरोपीयांची बुद्धी अधिक, म्हणून त्यांच्या कवटीत ही असममिती अधिक असेल, अशी फिशर यांची अटकळ होती. ती सिद्ध करायची. २०२४ मध्ये इरावतीबाईंची नात, म्हणजे गौरी देशपांडे यांची मुलगी, ऊर्मिला देशपांडे यांनी त्यागो पिंतो बार्बोसा या संशोधकासह त्यांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. त्यात हा सगळा काळ आहे. कवट्या जर्मनांच्या होत्या आणि जर्मन वसाहतीतून, पूर्व आफ्रिकेतून आणलेल्याही होत्या. तेवीस-चोवीस वर्षांची पुण्याची बाई, नवऱ्यापासून आणि आपल्या भाषेपासून दूर, परक्या देशात मेलेल्या परक्या माणसांची डोकी हातात घेऊन बसलेली. मोजून झाल्यावर तिने लिहिलं की वंशाचा आणि या असममितीचा काही संबंध दिसत नाही. ज्यांच्या हाती तिची पदवी होती त्यांच्याच अटकळीविरुद्ध. त्या काळात, त्या इमारतीत.

मला या प्रसंगाचा अभिमान वाटतो, आणि तो वाटत असतानाच पुढची गोष्ट टोचते. बाई परत आल्या त्या कॅलिपर घेऊनच. १९३९ पासून डेक्कन कॉलेजात राहून त्यांनी महाराष्ट्रभर माणसं मोजली. १९५१ मध्ये वि. म. दांडेकर यांच्याबरोबर महाराष्ट्राच्या मानवमितीवरचं पुस्तक काढलं. हे तेच दांडेकर, ज्यांनी १९७१ साली नीलकंठ रथ यांच्यासह भारतातलं दारिद्र्य मोजलं. बाईंचा निष्कर्ष महत्त्वाचा होता. चित्पावन आणि देशस्थ हे एकाच ब्राह्मण जातीचे फुटलेले तुकडे नव्हेत, ते वेगवेगळे गट असून नाव नंतर एक झालं आहे. एका मूळ जातीच्या फांद्या फुटत गेल्या, या गुरूंच्या म्हणण्याला तो थेट विरोध होता. पण प्रश्न अजून रक्ताचाच होता: कोण कुणाच्या जवळचं? कोण कुणाच्या वर बसलं आणि का, हे त्या मापांतून कळण्यासारखं नव्हतं.

ते त्यांना कळलं ते मोजायचं साधन घरी ठेवून गेल्यावर. पंढरीच्या वारीवरचा त्यांचा लेख मराठी वाचकांना माहीत आहे. त्याच्या इंग्रजी अनुवादामुळे जगालाही माहीत झाला. दिंडीत सगळे एकत्र चालतात, एकाच विठ्ठलाला गातात, आणि जेवायची वेळ झाली की ब्राह्मण वेगळे, मराठे वेगळे. बाईंना ते सहन झालं नाही. त्यांनी दुसऱ्या पंगतीत जेवून पाहिलं. कॅलिपरने वर्षानुवर्षं न सांगितलेली गोष्ट एका जेवणाने सांगितली, असं मी वर्गात सांगायचे. एकदा मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, "मॅडम, पंगत बदलायचं ठरवणाऱ्या त्या. ज्यांना पंगतीतच बसू देत नव्हते त्यांनी हे कधी लिहिलं?" तास संपायला पाच मिनिटं होती. मी 'पुढच्या तासाला' असं म्हटलं. पुढच्या तासाला मी आंबेडकर घेऊन गेले.

९ मे १९१६. न्यू यॉर्क, कोलंबिया विद्यापीठ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चावर्गात पंचवीस वर्षांचे भीमराव आंबेडकर भारतातल्या जातींवर निबंध वाचतात. त्याच विद्यापीठात फ्रान्झ बोआस यांनी थोड्याच वर्षांपूर्वी दाखवलं होतं की अमेरिकेत आलेल्या स्थलांतरितांच्या मुलांच्या डोक्याचा आकार एका पिढीत बदलतो. तेव्हा ज्यांना डोकं हा वंशाचा पक्का दाखला वाटत होता, त्यांची पंचाईत त्या इमारतीत आधीच झाली होती. आंबेडकर निबंधात सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर यांच्या व्याख्या एकेक करून तपासतात. मग सांगतात की युरोपीय अभ्यासकांनी जातीत रंगाला अवास्तव महत्त्व दिलं, कारण रंगाचा पूर्वग्रह त्यांच्याच अंगात मुरलेला होता. मोजणाऱ्यालाच मोजलं, असं मी याला म्हणते.

आणि त्यांचा स्वतःचा सिद्धान्त? जात म्हणजे जातीतच लग्न. बाकी सगळं त्यातून येतं. जात बंद ठेवायची तर स्त्री-पुरुषांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवरा मेला की बायको 'जास्तीची' होते. तिला जाळा, किंवा सक्तीचं वैधव्य द्या. बायको मेलेल्या पुरुषाला लग्नाच्या वयाला न आलेली मुलगी द्या. सती, वैधव्य, बालविवाह या तीन चालींचा उगम धर्माच्या थोरवीत नसून जातीच्या जमाखर्चात आहे. १९१६ सालच्या या निबंधात नाक कुठेही लागत नाही. बाईचं शरीर मात्र मध्यभागी आहे. शर्मिला रेगे यांनी २०१३ साली, त्यांच्या अकाली मृत्यूच्या वर्षी, आंबेडकरांच्या लेखनावर पुस्तक काढलं, त्यात हा निबंध स्त्रीवादी म्हणून वाचायला शिकवला. मी तो त्याआधी अनेकदा वाचला होता, मला ते दिसलं नव्हतं.

१९३६ मध्ये लाहोरच्या सभेसाठी लिहिलेल्या आणि सभाच रद्द झाल्यामुळे न झालेल्या भाषणात आंबेडकर पुन्हा वंशाकडे येतात. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार यांच्यात वंशाचा कोणता फरक आहे, असा त्यांचा सवाल आहे. पण कोष्टक पूर्ण उलटलं ते १९४८ मध्ये. घटनेच्या मसुद्याचं काम डोक्यावर, तब्येत खालावलेली, आणि या माणसाने अस्पृश्य मूळचे कोण यावर पुस्तक लिहिलं. नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांना ते अर्पण आहे. त्यातल्या एका प्रकरणात त्यांनी घुर्यांच्या पुस्तकातली नाकाची मापं घेतली, म्हणजे साहेबाच्या मोजणीतून आलेलीच, आणि प्रांताप्रांतातला ब्राह्मण आणि अस्पृश्य शेजारी शेजारी ठेवले. मग सरळ विचारलं. ब्राह्मण आर्य असेल तर अस्पृश्यही आर्य. ब्राह्मण द्राविड असेल तर अस्पृश्यही द्राविड. मापंच तसं सांगतात. अस्पृश्यतेचं मूळ वंशात शोधू नका. त्याच पुस्तकात पुढे त्यांनी मांडलेली उपपत्ती इतिहासकारांत वादाची आहे, आणि ती तशी असायला हरकत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे कोष्टक वाचणं. रिस्लेंनी मोजलं, घुर्यांनी वेगळं केलं, महालनोबिसांनी तपासलं. ज्यांची नाकं त्या ओळींमध्ये होती त्यांच्यातला माणूस पहिल्यांदा ते कोष्टक समोर घेऊन बसला तो इथे. त्याने ते फाडलं नाही. त्याची बेरीज करून दाखवली.

आमच्या एम.ए.च्या दोन वर्षांत घुर्ये होते, एम. एन. श्रीनिवास होते, इरावतीबाई होत्या. आंबेडकर भेटायचे ते राज्यशास्त्राच्या वर्गात, घटनेच्या प्रकरणात. १९१६ चा निबंध असलेला त्यांच्या समग्र लेखनाचा पहिला खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ सालीच काढला होता. आम्ही एकमेकींची नाकं मोजत होतो तेव्हा तो दोन मजले वर ग्रंथालयात असणार. कुणी खाली आणला नाही, आणि मीही वर गेले नाही. २००२ मध्ये गोपाळ गुरू यांनी भारतातली सामाजिक शास्त्रं कितपत समतावादी आहेत असा प्रश्न विचारला, आणि सिद्धान्त मांडणारे ब्राह्मण व अनुभव पुरवणारे शूद्र अशी ज्ञानातली वर्णव्यवस्था दाखवली. त्यावर खूप चर्चा झाली. सुंदर सरुक्काई यांच्याबरोबर त्यांचं २०१२ चं पुस्तक त्यातूनच आलं. दुसऱ्याच्या अनुभवाचा सिद्धान्त मांडण्याचा अधिकार कुणाला, हा त्यांचा प्रश्न वाचताना माझ्यासमोर तत्त्वज्ञान नव्हतं. 'बौद्ध'वर मारलेली रेघ होती.

जातीचा रकाना आता पुन्हा येतो आहे. १९३१ नंतर सगळ्या जातींची पूर्ण मोजणी झालेली नाही, आणि ३० एप्रिल २०२५ ला केंद्र सरकारने येत्या जनगणनेत ती करायचं जाहीर केलं. माझे काही जुने सहकारी म्हणतात, पुन्हा रिस्लेच. मला तसं वाटत नाही. तेव्हा मोजणी मानाची पायरी ठरवायला होती. आता मागणी आहे ती वाटा किती मिळाला हे मोजण्याची, आणि ती मोजल्या जाणाऱ्यांतून आली आहे. पण कोष्टक कोण वाचणार, याची काळजी मला आहेच.

जर्नल सापडल्यावर मी मैत्रिणीला फोन केला. ती शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली, आता चंद्रपुरात असते. त्या दिवसाबद्दल मी कधी बोलले नव्हते. चाळीस वर्षं. मी म्हटलं, तेव्हा मी गप्प बसायला नको होतं. ती म्हणाली, "अगं, मला तेव्हा राग नव्हता आला. घरी बुद्धवंदना आणि दाखल्यावर महार, हे लहानपणापासूनच होतं. केंद्राची सवलत बौद्धांना मिळाली कधी? १९९० ला. तोवर दोन्ही कागद सांभाळायचेच होते. रेघ मारायची सवय होती आम्हाला. तू मारलीस, एवढंच." मग जरा वेळाने, "एवढंच पण लक्षात राहिलं बघ."

तिचं जर्नल कधीच रद्दीत गेलं होतं, त्यामुळे माझं नाक केवढं होतं ते आता कळायचा मार्ग नाही. तिने माझ्या पानाचा फोटो मागितला. मी पाठवला. दहा मिनिटांनी उत्तर आलं.

"रुंदी ३४, उंची ४९. भाग दे. ६९.४ येतात. तू ७१.४ लिहिलंयस. मी अरुंदमध्ये होते गं."

खाली हसणारा चेहरा होता. मी कागद घेतला आणि भागाकार करून पाहिला. मग पुन्हा एकदा केला.